सरकलेली रेघ

काहीतरी सरकलं. लांब दांड्याच्या पान्यावर दोन्ही हातांचा आणि अर्ध्या अंगाचा भार टाकून तो दात-ओठ खात उभा होता, आणि ते आधी त्याच्या तळहातांना कळलं, कानांना मागाहून. टक्. एवढंच. बोट मोडल्यावर वाजतं तसं, कोरडं आणि बारीक. पहिल्या झटक्याला त्याला आनंदच झाला. सकाळपासून हटून बसलेली वस्तू एकदाची हलली म्हणून त्यानं पाना खाली ठेवला, कपाळावरचा घाम बाहीला पुसला आणि वाकून पाहिलं, तर रायफलीच्या तोंडावरची ती लोखंडी सोंड होती तिथंच होती. पान्याच्या जबड्यानं तिच्या अंगावर एक ओरखडा तेवढा उठवला होता. हललं होतं ते दुसरंच. रायफलीची नळी जिथं मागच्या बॉडीत शिरते, त्या सांध्यावर वडिलांनी कधीकाळी सुईच्या टोकानं एक रेघ ओढून ठेवली होती, अर्धी नळीवर, अर्धी बॉडीवर. नळी आपल्या जागी आहे की नाही हे त्या रेघेवरून कळावं म्हणून. इतकी वर्षं ती रेघ सलग होती. आता तिचे दोन तुकडे झाले होते आणि त्यांच्यामध्ये केसाएवढं अंतर पडलं होतं. त्यानं चष्मा वर केला, खाली केला, दिवा जवळ ओढला. अंतर तेवढंच राहिलं.

भिंतीपलीकडे नेमबाजीची गल्ली होती. तिकडून ठराविक वेळानं टप्, टप् असे आवाज येत होते. क्लबाच्या मागच्या बाजूच्या या खोलीत बसून बसून त्याला कुणाची गोळी कुठली ते आवाजावरून ओळखता यायचं. एकजण दोन गोळ्यांच्या मध्ये खाकरायचा, एकीचा बोल्ट जरा सुस्त होता, एकजण घाबरला की भराभर उडवून मोकळा व्हायचा. आत्ता जी गोळी सुटली आणि मग कितीतरी वेळ काहीच झालं नाही, ती त्याच्या पुतणीची. तिनं आज दुसऱ्याची रायफल उसनी घेतली होती, पण थांबण्याची रीत बापाचीच होती. दादा असाच थांबायचा. पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस आता मारतच नाही. रायफल खाली घेईल, घरी जाईल, जेवून झोपेल. आणि मग सुटायची.

टेबलावरच्या व्हाइसच्या लोखंडी जबड्यात पकडलेली ही रायफल दादाची. दादा म्हणजे त्याचा सख्खा थोरला भाऊ, जाऊन वर्ष होत आलं. आता ती दादाच्या मुलीच्या हातात आली होती, आणि उद्या सकाळी तिची निवड चाचणी होती. आज सकाळी हत्यारांची तपासणी झाली तेव्हा ही रायफल मोजपट्टीत बसली नाही. नळीच्या तोंडावर दादानं शेवटी शेवटी एक वीतभर लांबीची पोकळ लोखंडी नळी चढवून ठेवली होती. तिच्या टोकावर नेम धरायची माशी बसवली की ती डोळ्यापासून लांब जाते आणि नेम जास्त बारीक धरता येतो. क्लबात अशा वाढीव तुकड्याला सगळे सोंड म्हणत. दादाची सोंड नियमापेक्षा बोटभर जास्त निघाली. तपासणीवाल्यानं पोरीला सांगितलं, नाकापेक्षा मोती जड झालाय, काढून आणा, नाहीतर उद्या येऊ नका. काढायची म्हणजे पिळून काढायची, आट्यांवरच तर बसवलेली असते. पण दादानं बसवलेली. पोरीनं प्रयत्न केला, तिच्या प्रशिक्षकानं केला, दोघांनी मिळून केला, आणि मग तिनं आईला आणि रायफलीला घेऊन काकाची खोली गाठली. ती काढली नाही तर उद्याची चाचणी गेली. काढताना नळीला काही झालं तर रायफलच गेली. हे तिनं सांगितलं नाही. रायफल टेबलावर ठेवताना तिच्या हाताला जरा जास्तच वेळ लागला, त्यावरून त्याला समजलं.

आणि आता ही रेघ. चूक कुठं झाली हे त्याला रेघ पाहताक्षणीच कळलं होतं, आणि म्हणूनच ते जास्त झोंबत होतं. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलेला धडा असा की, जिथं फिरवायचंय त्याच्या शेजारी धरावं. लांबून धरलं की मधलं सगळं पिळवटतं. सोंड काढायची तर नळी सोंडेच्या लगत मागे आवळून धरायला हवी होती. त्यानं रायफल धरली ती मागं, बॉडीला. का, तर नळीला व्हाइस लावायला त्याचा हात धजावला नाही. दादा दर सुट्टीच्या दिवशी ती नळी मऊ फडक्यानं पुसायचा, पुसून झाली की खिडकीकडे तिरकी धरून बघायचा आणि पुन्हा पुसायचा. त्या काळ्याभोर तुकतुकीत अंगावर लाकडाचे का होईना, दोन ठोकळे आवळायचे, त्यांचा वळ उठवायचा, हे त्याच्यानं झालं नाही. एरवी दुसऱ्या कुणाची रायफल असती तर त्यानं दहा वेळा नळी आवळली असती आणि वळ पडला तर पडला म्हणाला असता. माया माणसाला आंधळं करते म्हणतात. त्याला तिनं अडाणीही केलं होतं.

पुढच्या खोलीत वहिनी बसल्या होत्या. दार अर्धं उघडं होतं, त्यातून त्यांची चप्पल आणि साडीचा काठ दिसत होता. सकाळी आल्या तेव्हा त्यांनीच कोपऱ्यातल्या शेगडीवर चहा ठेवला होता, आणि साखरेची बरणी झाकणाला धरून उचलायला गेल्या तर झाकण हातात आणि बरणी टेबलाच्या काठावर डुगडुगत. त्यांनी बरणी सावरली, त्याच्याकडे पाहिलं आणि गालात हसल्या. तोही हसला. त्याच्या खोलीतल्या एकाही डब्याचं, बाटलीचं, बरणीचं झाकण धड लागलेलं नसतं, हे घरादाराला ठाऊक होतं. क्लबातले लोक त्याला तोंडावर मिस्त्री म्हणत आणि पाठीमागं 'सावकाश' म्हणत, कारण कुणी काही आवळायला लागलं की तो लांबून ओरडायचा, सावकाश, सावकाश. वडील म्हणायचे, थोरल्याच्या हाताला दया नाही आणि धाकट्याच्या हाताला भरवसा नाही, मी दोघांचा मिळून एक करायला हवा होता. हे ते पाहुण्यांसमोरही म्हणायचे आणि दोघं भाऊ मान खाली घालून ऐकायचे, थोरला हसू दाबत आणि धाकटा कान लाल करून.

दादानं घट्ट केलेली वस्तू म्हणजे घट्ट केलेली वस्तू. लहानपणी न्हाणीघरातला नळ रात्री टपटपतो म्हणून त्यानं एकदा असा काही बंद केला की सकाळी पाण्यावाचून सगळ्यांचं घोडं अडलं. दादाला उठवून आणावं लागलं. तो डोळे चोळत आला, दोन बोटांनी नळ सोडला आणि परत जाऊन झोपला. सायकलचं चाक त्यानं बसवलं की पंक्चरवाला हात जोडायचा. एका उन्हाळ्यात त्यानं खिडकीची कडी अशी बसवली की तो मामाकडून परत येईपर्यंत खिडकी उघडली नाही, आणि घरातले सगळे घामाघूम होऊन त्याची वाट बघत बसले. पुढं तो पाणीखात्यात लागला. शहराच्या पोटातले मोठमोठे व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे, हे त्याचं काम. देवानं माणूस बघून नोकरी दिली, असं आई म्हणायची. सकाळच्या पाळीला जाऊन तो कुठल्यातरी चौकात जमिनीखाली उतरायचा, लोखंडी चाक फिरवायचा आणि अर्ध्या शहराच्या नळाला पाणी यायचं. दुपारी काम संपलं की घरी जाताना तो या खोलीत डोकवायचा. त्याची वाट अशीच होती, क्लबाच्या दारावरून. दादा आला की आधी टेबलावर नजर टाकायचा आणि विचारायचा, काय अडलंय? काही ना काही अडलेलं असायचंच. गंजलेला स्क्रू, चिकटून बसलेलं नट, न निघणारी पिन. दादा बाह्या वर करायचा, एक श्वास आत घ्यायचा, आणि ते निघायचं. मग चहा. चहा पिताना दोघं फारसं बोलत नसत. भाऊ काय बोलणार एकमेकांशी? तू बस, मी निघतो, एवढंच. पण ती दुपारची वीस-पंचवीस मिनिटं संपली की दिवस कललाय असं त्याला वाटायचं, घड्याळ काही का दाखवेना.

मग त्यानं हा पाना आणला. लांब दांड्याचा, जबड्याला रबर लावलेला, चांगल्या पोलादाचा. तो आणला तो कुठल्या वाईट हेतूनं नाही. दादाचं वय होत चाललं होतं, खांदा दुखतो म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला घाम गाळायला लावायचं बरं दिसत नव्हतं. दादा त्या दुपारी आला, नेहमीप्रमाणे विचारलं, काय अडलंय? आणि त्यानं मोठ्या उत्साहानं सांगितलं, काही नाही, आता अडायचं नाही, हे बघ. दादानं पाना हातात घेऊन तोलून पाहिला. जबडा उघडून बंद केला. चांगला आहे, म्हणाला. आणि भिंतीवरच्या खिळ्याला व्यवस्थित अडकवून ठेवला, दांडा सरळ राहील असा. चहा प्यायला. गेला. त्यानंतर दादा यायचा हळूहळू कमी झाला. आधी दिवसाआड, मग आठवड्यानं, मग सणासुदीला घरी भेटतील तेवढंच. विचारलं तर म्हणायचा, हल्ली वाट वेगळी पडते. भांडण नव्हतं, तंटा नव्हता, वाईट शब्द नव्हता. असता तर बरं झालं असतं, धरायला काहीतरी सापडलं असतं. हा पाना आणि ती वाट यांचा काही संबंध असेल हे त्याच्या डोक्यात यायला कितीतरी वर्षं लागली. ते डोक्यात आलं तेव्हा दादा हॉस्पिटलात होता.

हॉस्पिटलातली ती खोली त्याला आत्ता दिसली, रेघेवर भिंग धरून उभा असताना. पांढरा पलंग, कडेला लोखंडी कपाट, कपाटावर पाण्याची बाटली. दादाचे हात चादरीवर ठेवलेले होते आणि ते त्याचे वाटतच नव्हते, कुणीतरी उसने आणून ठेवल्यासारखे. परिचारिकेनं नवी बाटली ठेवली आणि ती गेली. दादाला तहान लागलेली त्याच्या लक्षात आली, आणि हेही लक्षात आलं की दादाला ते झाकण निघणार नाही. त्यानं मग एक गंमत केली. खिडकीपाशी जायचं निमित्त काढून बाटली उचलली, पाठमोरा राहून झाकण ढिलं केलं, आणि पुन्हा जागेवर ठेवली. दादानं हात लांबवला. बोटं झाकणावर ठेवली आणि सवयीनं श्वास आत घेतला. झाकण लगेच निघालं. दादा काही क्षण त्या झाकणाकडे बघत राहिला, मग त्यानं धाकट्या भावाकडे बघितलं. पाणी प्यायला, झाकण परत लावलं आणि थरथरत्या हातानं पिळत राहिला, जितकं जमेल तितकं. ती त्यांची शेवटची भेट. त्या नजरेचा अर्थ तो वर्षभर लावत होता आणि दर वेळी एकच लागत होता: दादाला राग आला. पान्यानं एकदा अपमान केला होता, झाकणानं दुसऱ्यांदा. आज सकाळी ही सोंड हलेना तेव्हाही त्याच्या मनात पहिल्यांदा हेच आलं की दादानं ही माझ्यावर राग म्हणून आवळलीय. बघू तुझा पाना काय करतो ते. मेलेल्या माणसाशी झटापट करावी तसा तो दोन तास त्या दांड्याला लोंबकळत होता, आणि त्याचं बक्षीस त्याच्यासमोर होतं. केसाएवढं.

एक विचार त्याच्या मनात येऊन गेला, नाही कशाला म्हणा. नळीला बॉडीत धरून ठेवणारे खालचे दोन स्क्रू ढिले करायचे, नळी होती तिथं फिरवायची, रेघ जुळवायची, स्क्रू आवळायचे. कुणाला पत्ता लागणार नाही. पोरीला तर नाहीच. आणि उद्या तिचा नेम जरा चुकला तर चुकला. चाचणीत भल्याभल्यांची पाचावर धारण बसते, माशी कुठं शिंकली ते कोण शोधत बसतंय? हा विचार त्यानं पुरा होऊ दिला नाही. तो दारापर्यंत गेला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. वहिनींनी वर पाहिलं.

"वहिनी, माझ्या हातून नळी सरकली," तो म्हणाला. "सोंड नाही निघाली. नळीच हलली जागची."

वहिनी उठून आत आल्या. त्यानं त्यांना रेघ दाखवली. त्यांना रायफलीतलं काही कळत नव्हतं, पण नवरा आणि मुलगी दोघंही नेमबाज असल्यावर बाईला काय बघायचं ते न शिकवता येतं. त्यांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. परत बसेल का, असं विचारलं. बसेल, तो म्हणाला, बसवता येतं, पण त्यानंतर पोरीला संध्याकाळच्या आत नेम पुन्हा बांधून घ्यावा लागेल, आणि सोंड अजून तशीच आहे. ती काढायची तर नळीलाच आवळावं लागेल, आणि मग दादाच्या नळीवर वळ उठेल. आणि मग जे बोलायचं नव्हतं तेही तो बोलून गेला, की दादानं हे असं का आवळलं ते मला ठाऊक आहे, वहिनी, माझ्यावर राग होता त्याचा.

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिल्या. "राग?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, हॉस्पिटलात जायच्या आदल्या आठवड्यात बसवली त्यांनी ती. स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभं राहून. हात चालत नव्हता, तरी मला हात लावू दिला नाही. दमून खाली बसले आणि म्हणाले, आता ही धाकट्याशिवाय कुणाला निघायची नाही. पोरीला त्याच्याकडे जावंच लागेल."

पलीकडे एक गोळी सुटली आणि कुणीतरी खाकरलं.

"मला वाटलं तुम्हाला माहीत असेल," वहिनी म्हणाल्या.

नव्हतं माहीत. तो स्टुलावर बसला. त्याला वाटलं आपल्याला आता रडू येईल, पण आलं नाही. नुसतं छातीत काहीतरी सैल झाल्यासारखं वाटलं आणि ते बराच वेळ सैल होतच राहिलं. वहिनी टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि इकडचं तिकडचं बोलायला लागल्या, माणसाला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून बोलतात तसं. लग्न होऊन आल्या तेव्हा घरातल्या बरण्या कशा उघडत नसत ते त्यांनी सांगितलं. डाळीचा डबा, मिठाची बरणी, तेलाची बाटली, सगळी ह्यांनी लावलेली. पहिले काही महिने त्या खरोखरच ह्यांना हाका मारायच्या. मग एक दिवस हे कामावर असताना त्यांनी गरम पाण्यात फडकं भिजवून झाकणाभोवती गुंडाळलं, वाट बघितली, आणि झाकण सुटलं. इतकं सोपं होतं. तेव्हापासून सगळ्या बरण्या त्या उघडत आल्या होत्या.

"मग तुम्ही तर त्याला अगदी शेवटपर्यंत हाका मारायच्या," तो म्हणाला. "मी ऐकलंय. अहो, हे जरा उघडून द्या."

"मारायचे की," वहिनी म्हणाल्या. "ते घरी यायच्या वेळेला एखादी बरणी मी पुन्हा आवळून ठेवायचे. दिवसभर लोकांचं पाणी सोडून यायचे, आणि घरात कुणी काही मागायचं नाही. मग त्यांना स्वयंपाकघरात बोलवायचं कशाला?" त्यांनी पदरानं नाक पुसलं. "त्यांनाही कळत असेल म्हणा. इतके काही भोळे नव्हते."

त्याच्या डोळ्यांसमोर ती बाटली आली, आणि दादाची ती नजर. वर्षभर तो ज्या नजरेला राग समजत होता ती त्यानं पुन्हा नीट आठवून पाहिली. आता तिच्यात राग दिसेना. एवढंच दिसलं की, या माणसाला सगळं समजलंय, आणि तरी तो पाणी पितोय. वर झाकण पुन्हा आवळून ठेवतोय, पुढच्या वेळेसाठी. पुढची वेळ आली नाही, हा भाग वेगळा.

"वळ पडला तर पडू दे," वहिनी म्हणाल्या. "ती काय आता त्यांची राहिलीय? तुमच्या हाताचाही एखादा वळ असू दे तिच्यावर."

मग तो उठला आणि कामाला लागला. आधी खालचे दोन स्क्रू ढिले केले, भिंग लावून नळी हळूच फिरवली आणि रेघेचे तुकडे एकमेकांपुढं आणले. ते पुरते जुळेपर्यंत त्यानं श्वास घेतला नाही. स्क्रू आवळले, आणि आज त्यानं ते नेहमीच्या जागी थांबू न देता आणखी थोडे पुढं नेले, दादा जिथं थांबला असता त्याच्या अलीकडे, पण फार अलीकडे नाही. मग कपाटातून लाकडाचे दोन ठोकळे काढले, मधोमध नळीच्या आकाराची खोबण असलेले. खोबणीत चामडं बसवलं, चामड्यावर राळेची पूड भुरभुरली, आणि सोंडेच्या अगदी लगत मागं नळी त्या ठोकळ्यांमध्ये धरून व्हाइस फिरवला. चामडं कुरकुरलं. त्यानं आणखी फिरवला. त्याला दुखलं, खोटं कशाला सांगा, पण हात थांबला नाही. वहिनींना रायफलीचा दस्ता खालून धरून उभं राहायला सांगितलं, आणि गरम हवेचं यंत्र सोंडेवर धरलं. आट्यांना दादानं गोंद लावलेला असणार, ते त्याला सकाळीच कळलं होतं. पण नळीचा रंग जाईल या भीतीनं त्यानं सकाळी दाखवायला म्हणून ऊब दिली होती. आता त्यानं घाई केली नाही. राळेचा वास यायला लागला, मग त्याच्या मागून गोंदाचा, जळक्या रबरासारखा. दोघंही वाट बघत उभे होते. दोघांनाही दादानं बंद केलेल्या गोष्टींची सवय होती.

लांब पाना त्यानं बाजूला ठेवला. त्यानं जोर कळतो, वस्तू कळत नाही. आखूड पाना घेतला, आणि हात लावण्याआधी त्याच्या लक्षात आलं की आपण दादासारखा श्वास आत ओढलाय. पहिल्यांदा काही झालं नाही. दुसऱ्यांदाही नाही. त्यानं पुन्हा ऊब दिली, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा टक् वाजलं नाही. काहीच वाजलं नाही. फक्त पाना हातात जड जड वाटता वाटता एका क्षणी कमी जड वाटला. सोंड फिरत होती. एखादा माणूस पुष्कळ आग्रह झाल्यावर उठतो तशी, नाइलाज दाखवत, आणि मग एकदम मोकळी. त्यानं नजर आधी रेघेकडे टाकली. रेघ सलग होती.

सोंड हातात आली तेव्हा ती अजून गरम होती. आतल्या आट्यांवर वाळलेल्या गोंदाचा निळसर भुगा होता. तो झटकून टाकणं त्याच्या जिवावर आलं, पण त्यानं झटकला. व्हाइस सोडला तर नळीवर एक मंद, धुरकट पट्टा उठला होता, बोटाएवढा रुंद. वहिनींनी त्यावरून अंगठा फिरवला. फार नाही दिसत, असं त्या म्हणाल्या. दिसत होतं.

त्यानं उघड्या आट्यांवर छोटी टोपी बसवली, माशी नळीवरच्या तिच्या जुन्या जागी लावली आणि पुतणीला बोलावलं. ती धावतच आली. काका, निघाली? तिनं विचारलं आणि उत्तराआधीच तिला दिसलं. तिनं रायफल उचलून खांद्याला लावली आणि तिचा चेहरा बदलला, पुढचं ओझं गेलं होतं. त्यानं तिला सगळं सांगितलं, पट्ट्याचं आणि रेघेचंही. नळी माझ्या हातून सरकली होती, परत बसवलीय, जुळलीय असं मला वाटतं, पण माझ्यावर विसंबू नकोस, आधी बघून घे. ती ऐकत होती तेव्हा तिचं बोट त्या पट्ट्यावर होतं. बरं, म्हणाली, आणि गेली.

मग दोघं पुन्हा वाट बघत बसले. पलीकडून पहिली गोळी वाजली. लगेच शांतता, आणि मग नेम जुळवायचा पेच फिरवल्याची, त्याच्याच कानाला ऐकू येईल अशी बारीक टिकटिक. दुसरी गोळी. पुन्हा टिकटिक, पण कमी. वहिनींनी विचारलं, काय झालं? त्यानं हात वर करून त्यांना थांबवलं. तिसरी गोळी, आणि थोडीशी टिकटिक. चौथी. आणि यावेळी टिकटिक झालीच नाही. नुसती ती लांबलचक शांतता पसरली, बापासारखी, पाहणाऱ्याला वाटावं ही आता मारतच नाही. मग पाचवी. पुन्हा तीच शांतता. सहावी. पेचाला कुणी हात लावत नव्हतं. नळी जिथं हवी तिथं बसली होती. त्यानं सोडलेला श्वास वहिनींना ऐकू गेला असावा, कारण त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. त्यानं लांब पाना उचलून भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, दांडा सरळ राहील असा. सोंड फडक्यात गुंडाळली. ही घरी न्याल का, असं विचारायला तो वळला, तर वहिनी त्याच्यासमोर उभ्या होत्या, साखरेची बरणी दोन्ही हातांत धरून. सकाळी जिचं झाकण त्यांच्या हातात आलं होतं, तीच.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "हे जरा उघडून देता का?"

त्यानं बरणी घेतली. झाकण नुसतं वर ठेवलेलं होतं, बोट लावलं असतं तरी निघालं असतं. त्यानं बरणी छातीशी धरली, एक श्वास आत घेतला, आणि जोर लावला.